सोडलेल्या श्वासाचा हिशेब

साखर कारखान्याच्या हिशेब विभागात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. खात्याची जमेची बाजू आणि नावेची बाजू अशा दोन्ही नजरेखालून घातल्याशिवाय त्या खात्याविषयी तोंड उघडू नये, हे मी नव्या कारकुनांना पहिल्याच दिवशी सांगतो. असे असूनही जानेवारी २०२३ मध्ये आईला श्वास पुरेनासा झाला तेव्हा दोन दिवस मी एकाच बाजूचा आकडा पाहत बसलो होतो. तिच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावर ९७ दिसत होते आणि मी नातेवाइकांना फोनवरून "ऑक्सिजन चांगला आहे" असे कळवत होतो. त्याच वेळी ती हळूहळू बेशुद्धीकडे चालली होती.

आईने आयुष्यात कधी तंबाखूला हात लावला नाही, बरोबरीच्या बायका लावत ती मिश्रीसुद्धा नाही. मात्र सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी लग्न होऊन आल्यापासून घरात गॅसची शेगडी येईपर्यंत तिची पस्तीस वर्षे चुलीपुढे गेली. तुरकाट्या, शेणी, पावसाळ्यात ओले सरपण आणि त्यावर फुंकणीने घातलेली फुंकर. गॅस आल्यावरही आंघोळीचे पाणी मागच्या पडवीतल्या चुलीवरच तापत असे, कारण "त्याला कशाला गॅस जाळायचा". साठीनंतर तिला धाप लागू लागली, चढावर थांबावे लागू लागले, आणि आम्ही सगळे त्याला दमा म्हणत राहिलो. छातीच्या डॉक्टरांनी तिला यंत्राच्या नळीत जोराने फुंकायला लावले आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांत अडथळा आणणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार, असे निदान सांगितले. सिगारेट न ओढणाऱ्या बाईला हा आजार कसा, असे मी विचारल्यावर त्यांनी चुलीविषयी विचारले होते. वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका अरुंद होतात, फुफ्फुसातली हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही, आतच अडकून राहते. यातला "बाहेर पडत नाही" हा भाग मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. पंप आणला, तो ओढायचा कसा ते तिला दाखवले, आणि गळीत हंगामाच्या कामाला लागलो.

त्या जानेवारीत सर्दीचे निमित्त झाले. कफ हिरवट झाला, ती तीन रात्री उशीला टेकून बसून राहिली, आणि चौथ्या दिवशी पहाटे तिचे ओठ मला निळसर वाटले. घरात २०२१ मध्ये घेतलेला ऑक्सिमीटर होता. त्यावर ८१ आले. आम्ही तिला जवळच्या एका लहान रुग्णालयात नेले. तिथे तिला लगेच पिशवी लावलेला मास्क चढवण्यात आला, मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन सुरू झाला आणि दहा मिनिटांत आकडा ९७ वर गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तीन रात्री जागलेली आई झोपी गेली, याचा तर मला विशेष आनंद झाला.

इथे थोडे थांबून सांगायला हवे. करोनाच्या दुसऱ्या लाटेने आमच्यासारख्या गावांना ऑक्सिमीटर वाचायला शिकवले. ९४ च्या खाली गेले की धोका, हे शेतमजुरापासून सरपंचापर्यंत प्रत्येकाला पाठ झाले, आणि त्या वेळी त्या आकड्याने पुष्कळांचे प्राण वाचवले. परंतु तो आकडा आमच्या डोक्यात असा घट्ट बसला, की तो सगळ्या आजारांना सारखाच लागू आहे असे आम्ही धरून चाललो. त्या रुग्णालयातल्या कुणाच्या हेतूविषयी मला शंका नाही. मी स्वतः तिथे उभा असतो तर मीही दहा लिटरच लावले असते. तरी त्या दोन दिवसांत एकदाही कुणी आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासला नाही, आणि तपासण्याची सोय नाही हेही आम्हांला कुणी सांगितले नाही, याची खंत आजही जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोके दुखत होते. दुपारी तिने मला माझ्या दिवंगत काकांच्या नावाने हाक मारली. तिचे तळहात गरम होते, चेहरा लालसर दिसत होता. मला वाटले, ताप असेल. चहाची वाटी हातात दिली तर हात मनगटातून झटके घेत खाली पडू लागला, जसा झोपाळलेल्या माणसाचा मान टाकून पुन्हा सावरण्याचा प्रकार असतो तसा, आणि चहा साडीवर सांडला. माझी पत्नी दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "आई झोपेत नाहीत. आई गुंगीत आहेत." मी बोटावरच्या आकड्याकडे बोट दाखवले. तो ९८ झाला होता. तिने त्या आकड्याकडे पाहिलेसुद्धा नाही आणि १०८ ला फोन लावला.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात रात्री नऊच्या सुमारास पोहोचलो. अपघात विभागात एक तरुण निवासी डॉक्टर होत्या. त्यांनी आईला दोन हाका मारल्या, तिचे हात पुढे धरून पाहिले, ऑक्सिमीटरकडे एक नजर टाकली आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे ऑक्सिजन कमी केला. पिशवीचा मास्क काढून त्यांनी दुसरा मास्क लावला. त्याच्या तळाशी रंगीत प्लास्टिकचा एक तुकडा बसवलेला होता. निळा तुकडा बसवला की २४ टक्के ऑक्सिजन, पांढरा बसवला की २८, असे प्रत्येक रंगाचे प्रमाण ठरलेले असते, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मी ओरडलो. श्वास लागलेल्या बाईचा ऑक्सिजन कमी करताय म्हणजे काय, असे काहीतरी बोललो. आकडा ९८ वरून ९४, ९२, ९० असा उतरत होता आणि मला आई डोळ्यांदेखत जाताना दिसत होती. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "काका, आजींना ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवायचं आहे. जास्तीचा ऑक्सिजन त्यांना झोपवतोय. पाच मिनिटं द्या, मी रक्त पाहून तुम्हाला सांगते."

ते रक्त नेहमीसारखे कोपराजवळच्या शिरेतून घेत नाहीत. मनगटाच्या धमनीत सुई घालून घेतात, आणि ते बरेच दुखते. एरवी सुई टोचली की हात मागे घेणारी आई त्या वेळी हललीसुद्धा नाही. थोड्याच वेळात यंत्रातून कागदाची एक अरुंद पट्टी बाहेर आली. ती अजून माझ्या वहीत चिकटवलेली आहे. त्यावर पीएच ७.२४ आणि कार्बन डायऑक्साइड ८२ असे छापले होते. पीएच म्हणजे रक्ताच्या आम्लतेचा आकडा; तो जितका खाली, तितके रक्त जास्त आम्लधर्मी. पीएच ७.३५ ते ७.४५ आणि कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ असावा लागतो. ऑक्सिजनचा आकडा उत्तम होता. म्हणजे जमेची बाजू भरगच्च, आणि नावेच्या बाजूला दोन दिवस कुणी काही लिहिलेच नव्हते.

निकामी श्वसनाचे दोन प्रकार त्या डॉक्टरांनी मला तिथेच, स्ट्रेचरवर झोपवलेल्या आईच्या उशाशी उभ्या राहून समजावून दिले. पहिल्या प्रकारात रक्तात ऑक्सिजन पोहोचत नाही. न्यूमोनियात किंवा करोनात प्रामुख्याने तसे होते, आणि तिथे पुरेसा ऑक्सिजन देणे हाच मुख्य उपाय असतो. दुसऱ्या प्रकारात छातीचा भाता थकतो, हवा आत-बाहेर पुरेशी खेळत नाही आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तिथे नुसता ऑक्सिजन ओतला तर आकडा सुधारतो, माणूस सुधारत नाही. जास्तीच्या ऑक्सिजनने मेंदूची श्वास घेण्याची ओढ थोडी मंदावते, हे कारण मला ऐकून माहीत होते. पण त्यांनी सांगितलेले मोठे कारण वेगळे होते. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा खेळत नाही तिथल्या रक्तवाहिन्या शरीर शहाणपणाने आवळून ठेवते, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळते. भरमसाट ऑक्सिजन मिळाला की त्या वाहिन्या सैल होतात आणि रक्त पुन्हा त्या निकामी भागात जाऊन कार्बन डायऑक्साइड न टाकताच परत येते. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवण्यात कमी पडते, त्यामुळे रक्तातले त्याचे प्रमाण आणखी वाढते. बोटावरचा चिमटा प्रकाशाच्या साह्याने हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती भरले आहे एवढेच ओळखतो. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ज्या तत्त्वावर हे उपकरण उभे केले, त्या तत्त्वात कार्बन डायऑक्साइडला जागाच नाही. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्याच्याकडून घेत होतो.

आता उपाय होता बायपॅपचा. घशात नळी न घालता, तोंडा-नाकावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून श्वासाला आधार देणारे हे यंत्र. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले, की एक-दोन तासांत पुन्हा रक्त तपासू. पीएच वर सरकला तर याच मार्गाने जाऊ, नाही सरकला तर नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावे लागेल, आणि त्याविषयी घरच्यांनी आताच बोलून ठेवावे. सीओपीडीच्या रुग्णाला एकदा नळी घातली की ती काढणे पुष्कळदा कठीण जाते. मी, माझी पत्नी आणि पुण्याहून निघालेली, फोनवर रडणारी बहीण असे आम्ही तिघे जिन्याखाली उभे राहून बोललो. गरज पडली तर नळीला होकार, असे ठरले. तो निर्णय बरोबर होता की नाही हे पाहण्याची वेळ आली नाही, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मास्क लावण्याच्या कामाला पाऊण तास लागला आणि मी पाहिलेल्या सगळ्या उपचारांत हा पाऊण तास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधी आईच्या नाकातली चमकी काढावी लागली, कारण मास्कची कड बरोबर तिच्यावर येत होती. गुंगीतही तिचा हात दोनदा नाकाकडे गेला. कवळी मात्र सिस्टरांनी पुन्हा बसवायला सांगितली. कवळीशिवाय गाल आत बसतात आणि मास्कच्या कडेने हवा सुटते. मग त्यांनी पट्टे न बांधता मास्क नुसता हाताने चेहऱ्यावर धरला आणि यंत्र अगदी कमी दाबावर सुरू केले. आई एकदम दचकली. धावत्या एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढले की वारा नाकातोंडात घुसून जसा गुदमरवतो तसेच सुरुवातीला वाटते. सिस्टर तिच्या कानाशी वाकून म्हणत होत्या, "आजी, त्याच्याशी भांडू नका. ते देतंय ते घ्या. आता सोडा. घ्या. सोडा." चार-पाच मिनिटे हातानेच धरून, काढून, पुन्हा धरून, आईचा श्वास यंत्राच्या लयीला लागला आणि मगच डोक्यामागून पट्टे आवळले. तेही फार नाही; पट्ट्याखाली दोन बोटे गेली पाहिजेत.

यंत्राच्या पडद्यावर दोन दाब दिसतात. श्वास आत घेताना जास्त, सोडताना कमी. आईचे १० आणि ५ पासून सुरू झाले आणि दोन-दोनने वाढवत वरचा दाब १८ पर्यंत नेला. हे एकक पाण्याच्या सेंटिमीटरचे असते, म्हणजे अठरा सेंटिमीटर उंच पाण्याचा जेवढा भार तेवढा दाब. एक वीतसुद्धा नाही! एवढ्याशा रेट्यावर माणूस परत फिरतो, याचे मला फार नवल वाटले. वरचा दाब थकलेल्या छातीला प्रत्येक श्वासाला हात देतो, त्यामुळे श्वास खोल होतो आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खालचा दाब श्वास सोडताना अरुंद नलिकांना मिटू देत नाही. या यंत्राला ऑक्सिजन जोडलेला होता, परंतु तो थोडासाच, आकडा ९० च्या आसपास राहील इतका. कामाचा भार हवेच्या दाबावर होता. ऑक्सिजन आणि श्वास या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळले.

दीड तासाने दुसरी पट्टी आली. पीएच ७.२९, कार्बन डायऑक्साइड ७१. डॉक्टरांनी ती माझ्या हातात दिली आणि पहिल्यांदाच किंचित हसल्या. पहाटे तीनच्या सुमारास आईने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिले आणि मास्कच्या आतून मला काहीतरी सांगू लागली. सिस्टरांनी क्षणभर मास्क उचलला. ती म्हणाली, "आरं, काढ की ह्ये मुसकं. मळणीच्या बैलाला बांधत्यात तसं बांधलंय मला." दोन दिवसांनंतर तिचे हे पहिले धड वाक्य होते. मुसके तसेच ठेवले, पण मी बाहेर जाऊन बहिणीला फोन केला आणि आई बोलली एवढेच सांगू शकलो.

त्या रात्री माझ्या हातून एक चूक झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. मास्कच्या पुढच्या वळणावर बारीक छिद्रे होती आणि त्यांतून सतत सूं सूं करत हवा सुटत होती. मला वाटले, मास्क गळतो आहे, आईची हवा वाया जाते आहे. कारखान्यात वाफेची गळती दिसली की तिथे काहीतरी दाबून धरण्याची आमची सवय. मी कापसाचा बोळा घेऊन त्या छिद्रांवर दाबला आणि वर चिकटपट्टी लावू लागलो. सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी माझा हात अक्षरशः झटकला. "अहो, वापरलेली हवा बाहेर जायची वाट आहे ती! एकाच नळीचं यंत्र आहे हे. ती वाट बुजवली तर सोडलेलीच हवा त्या पुन्हा घेणार." ज्या विषाने आईला झोपवले होते ते मी माझ्या हाताने पुन्हा आत कोंडू पाहत होतो.

पुढचे दोन दिवस आईने जेवणाखाण्यापुरता मास्क काढला, एरवी तो होताच. त्या मधल्या वेळात नाकाशी बारीक नळी आणि एक लिटर ऑक्सिजन. पेज भरवताना घाई करायची नाही, धाप लागली की चमचा खाली ठेवायचा, आणि पोट फुगलेले असेल तर आधी सिस्टरांना सांगायचे, कारण यंत्राची हवा थोडी पोटातही जाते. कडेने सुटणारी हवा डोळ्यांवर येऊन डोळे लाल झाले, त्यासाठी थेंब आले. नाकाच्या दांडीवर लाल वळ उठला तेव्हा सिस्टरांनी तिथे जाडसर चिकटपट्टीसारखे मलम-पट्टे लावले आणि मास्क किंचित सैल केला. थोडी गळती चालते, जखम चालत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पडद्यावरचा गळतीचा आकडा दाखवून त्यांनी ते मला पटवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पीएच ७.३६ झाला होता. मग दिवसा मास्क काढायचा, रात्री लावायचा, असे करत चौथ्या दिवशी तिला आयसीयूमधून बाहेर आणले.

साध्या वॉर्डात व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आल्या. नाकाने हळू श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि समोरच्या मेणबत्तीची ज्योत हलेल पण विझणार नाही अशा बेताने फुंकर सोडत राहायची. घेण्याच्या दुप्पट वेळ सोडायला. आईने पहिल्याच खेपेला ते इतके अचूक केले की त्या मुलीने कौतुकाने विचारले, आजी, हे आधी शिकलाय का? आई म्हणाली, "फुंकणी धरल्याली बाई हाय मी. जाळ धरंस्तोवर फुकायचं, राख उडू द्यायची न्हाई." ज्या फुंकरीने तिची छाती गेली, तीच फुंकर आता तिला शिकवली जात होती.

घरी येताना पट्टीवर पीएच ७.३९ आणि कार्बन डायऑक्साइड ५४ होता. लगेच यंत्र घ्या असे डॉक्टरांनी सांगितले नाही, हे मला आवडले. आजार ओसरल्यावर हे आकडे आपोआप खाली येऊ शकतात, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले. तेव्हाही कार्बन डायऑक्साइड ५५ आणि बाहेरचा ऑक्सिजन न लावता रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ५२ निघाला (हा चिमट्यावरचा टक्का नव्हे, धमनीच्या रक्तातून मोजलेला दाब). ५५ किंवा त्याखाली दाब राहिला तर दीर्घकाळ ऑक्सिजन द्यावा लागतो, आणि तो दिवसातून किमान पंधरा तास घेतला तरच आयुष्य वाढवण्याचा त्याचा उपयोग होतो; १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांवर हा नियम उभा आहे. धाप लागली की अर्धा तास लावायचा आणि बरे वाटले की काढायचा, या आमच्याकडच्या पद्धतीने तो फायदा मिळत नाही. रात्रीच्या बायपॅपविषयी डॉक्टरांनी २०१७ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासाचे आकडे सांगितले: अशाच रुग्णांत नुसत्या ऑक्सिजनवर निम्म्या रुग्णांची पुन्हा भरती किंवा मृत्यू होईपर्यंतचा काळ १.४ महिने होता, घरी बायपॅप जोडल्यावर तो ४.३ महिने झाला. आकड्यांच्या भाषेत कुणी बोलले की माझा विश्वास लवकर बसतो.

कॉन्सन्ट्रेटर आम्ही भाड्याने घेतला. तो ऑक्सिजन साठवत नाही. खोलीतलीच हवा आत ओढून झिओलाइटच्या खड्यांमधून दाबाने नेतो, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन येतो. पाच लिटरचे आमचे यंत्र साधारण ३५० वॅट खाते. पंधरा तासांचे सव्वापाच युनिट, महिन्याचे दीडशेच्या वर. हे गणित यंत्र आणण्याआधी प्रत्येक घराने करावे, कारण बिल पाहून यंत्र बंद ठेवणारी घरे मी नंतर पाहिली आहेत. गावात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर कॉन्सन्ट्रेटर तीन तासही टिकला नाही. बायपॅपचे त्या मानाने काहीच ओझे नाही. म्हणून काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा मध्यम सिलिंडर कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवला आहे. त्यात सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला एक लिटर या वेगाने तो एक दिवस पुरतो. यंत्राच्या मागची जाळी दर रविवारी धुणे आणि बाटलीतले पाणी रोज बदलणे ही दोन कामे नातवाकडे आहेत.

घरी आल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात जुनी चूक पुन्हा होता होता राहिली. पाहुणे येत, बोटाला चिमटा लावून ९० पाहत आणि म्हणत, "नव्वदच? वाढव की जरा." एका रात्री आईलाच धाप लागली, मी घाबरून ऑक्सिजन एकवरून चारवर नेला आणि तिला बरे वाटतेय म्हणून तसाच ठेवला. सकाळी तिचे डोके दुखत होते आणि वाटी धरलेला हात पुन्हा तसाच झटका घेऊ लागला. या वेळी मला ते झटके ओळखता आले. ऑक्सिजन एकवर आणला, बायपॅप लावला, डॉक्टरांना फोन केला. दुपारपर्यंत ती पत्नीला भाजी कशी फोडणीला टाकायची ते सांगत होती. त्या दिवशी मी यंत्राच्या गोल बटणापाशी लाल रंगाने "१" लिहिले आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत "८८ ते ९२" असा कागद लावला. पाहुण्यांना आता तो कागद दाखवतो.

नंतर वाचताना मला १९५२ ची कोपनहेगनमधली पोलिओची साथ सापडली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडचा वाढलेला आकडा पाहून तिथल्या डॉक्टरांना वाटे की रक्त कसल्याशा अनाकलनीय कारणाने अल्कधर्मी झाले आहे. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितले, की हा बाहेर न पडलेला कार्बन डायऑक्साइड आहे, यांना हवा द्या. आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबत रुग्णांचे श्वास चालू ठेवले. सत्तर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांचीही नजर त्याच बाजूला चुकली होती, हे वाचून मला थोडा धीर आला, हे खरे आहे.

घरात आता उदबत्ती लागत नाही. ऑक्सिजनजवळ ज्योत नको, आणि कपड्यांत व केसांतही तो काही वेळ राहतो, म्हणून संध्याकाळचा दिवा पत्नी लावते, तोही बाहेर तुळशीपाशी. ओठ कोरडे पडले तरी व्हॅसलीन नाही, पाण्याच्या आधाराने बनवलेलेच मलम. सकाळचे पाणी घालणे मात्र आईने सोडलेले नाही. नळी काढते, भिंतीला हात लावत ओठांचा चंबू करून फुंकर सोडत जाते, तांब्या रिकामा करते आणि परत येऊन खुर्चीत बसते. मी वही घेऊन दारात उभा असतो. आजची नोंद अशी आहे: पावले २२, परत आल्यावर ८६, नळी लावून दोन मिनिटांनी ९०, डोके दुखत नाही, हात स्थिर.